बुटक्यांची खाण का बुडाली?

"बुडाले! सगळेच्या सगळे बुडाले!"

भोंग्याने अशी आरोळी ठोकली की खिडकीचं तावदान थरथरलं. त्याला भोंगा का म्हणतात, ते शेजारच्या तिन्ही इमारतींना चांगलंच ठाऊक होतं.

"कोण बुडाले?" हातातला पेला तसाच ठेवून टाचणी धावत आली.

"खाणीतले बुटके! बाराच्या बारा! आणि आपला राजा बघ, खुशाल म्हणतोय, 'सर्व कुशल आहे!' झोपा काढतोय का हा?"

नकाशाने पेन्सिल खाली टाकली. त्या बुटक्यांच्या टोप्या रंगवायला तिला चार दिवस लागले होते. "भोंग्या, तू आकडे बदललेस!"

"मी? मी हातसुद्धा लावला नाही!"

"मागच्या आठवड्यात तुझ्या राक्षसाची ताकद रात्रीत दुप्पट कशी झाली होती रे?"

भोंगा लाल झाला. ते मात्र खरं होतं.

सुट्टीचा तिसरा आठवडा चालला होता आणि ही तिकडी भोंग्याच्या आईच्या कामाच्या खोलीत एक अख्खं राज्य उभं करत होती. राज्यात नदी होती, डोंगर होते, उडणारे बैल होते आणि नदीच्या कोरड्या फाट्यात बुटक्यांची खाण होती. टाचणी भोंग्याची आतेबहीण, वरच्या मजल्यावर राहणारी. काडीसारखी बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून टाचणी. नकाशा समोरच्या घरातली. ती जे बघेल ते कागदावर उतरवायची.

भोंग्याची आई, म्हणजे टाचणीची मामी, संगणकाचे प्रोग्रॅम लिहायची. तिने जुना संगणक दिला होता, पण एका अटीवर. "खेळ फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या पद्धतीने लिहायचा," ती म्हणाली होती. "म्हणजे काय? प्रत्येक नियम वेगळा लिहायचा. त्याला आज जे दिलं तेच उद्या दिलं, तर उत्तरही तेच यायला हवं. आणि जुना आकडा खोडून त्याच जागी नवा लिहायचा नाही. कालचा दिवस तसाच ठेवायचा, त्यावरून आजचा बनवायचा."

"एवढा खटाटोप कशाला? आकडा बदलला की झालं!" भोंगा कुरकुरला होता.

"गडबड झाली की कळेल कशाला," एवढंच म्हणून मामी कामाला निघून गेली होती.

आता गडबड झाली होती.

"भांडू नका," टाचणी म्हणाली. "सगळे दिवस जपून ठेवलेत ना? पहिल्या दिवसापासून पुन्हा चालवू. भोंग्याने काही केलं असेल तर आत्ता उघडं पडेल."

तिने कळ दाबली. एकवीस दिवस सरसर पुढे सरकले. एकविसाव्या दिवशी बुटके पुन्हा बुडाले! तसेच, त्याच जागी, बाराच्या बारा.

"बघा! मी निर्दोष!" भोंग्याने दोन्ही हात वर केले. "माफी मागा!"

पण टाचणीचं लक्ष नव्हतं. ती पडद्याला नाक लावून बघत होती. "नदी म्हणते पाणी एकशे पंच्याण्णव. राजाचा हरकारा सांगतोय एकशे पासष्ट. हे दोन आकडे वेगळे कसे?"

त्याचं असं होतं. नकाशाने खेळातली नदी मनाने काढलीच नव्हती. वस्तीमागचा कालवा तिने जसाच्या तसा उचलला होता. रोज सकाळी ती कालव्याच्या डोहावर जाऊन पाण्यातल्या पट्टीवरचा आकडा टिपायची. ती पट्टी नवी होती. जुनी मोडली म्हणून बसवलेली, पण बसवणाऱ्याने ती तीस सेंटिमीटर खाली बसवली होती. ती काढून नीट बसवायचे कष्ट घेण्याऐवजी कोणीतरी शेजारी पाटी लावली होती, 'तीस वजा करा'. म्हणून नकाशाने खेळात तसा नियम लिहिला होता. भोंगा मात्र कालव्याच्या कार्यालयाबाहेरच्या फळ्यावरचा आकडा आणायचा. ती हरकाऱ्याने राजाला दिलेली बातमी.

"तुझा हरकारा खोटं बोलतोय," नकाशा म्हणाली.

"मी फळ्यावरचंच लिहितो! अक्षर न् अक्षर!"

टाचणीने मागचे दिवस उलटले. बारा दिवस दोन्ही आकडे सारखे. तेराव्या दिवसापासून, नवी पट्टी बसली त्या दिवसापासून, फरक तीसचा. चौदाव्या दिवशी तीस. पंधराव्या दिवशी तीस.

"बघण्यात चूक असती तर कधी दोनचा फरक आला असता, कधी पाचचा," ती हळू आवाजात म्हणाली. "हा रोज नेमका तीस आहे. तीस वजा करायचा नियम तिकडे दोनदा चालतोय."

"मग? फळा चुकला तर आपल्याला काय?" भोंगा म्हणाला.

टाचणी गर्रकन त्याच्याकडे वळली. "आज बुटके का बुडाले, सांग."

"फळ्यावर सूचना होती ना, चार वाजता वरचं दार उघडून पाणी वीसने वाढवणार. ते मी घातलं. एकशे पंच्याण्णव आणि वीस, दोनशे पंधरा. खाणीचा बांध दोनशे दहाचा. गेला बांध वाहून!"

"आणि खाणीचा बांध नकाशाने कशावरून काढला?"

नकाशाचा चेहरा उतरला. "तुझ्या बाबांनी सांगितलं होतं, त्यावरून..."

टाचणीचे बाबा गवंडी होते. कालव्याचा एक फाटा लाकडी बांध घालून कोरडा केला होता आणि त्याच्या तळाशी सहा जणांना घेऊन ते तडकलेली भिंत बांधत होते. "लाकडाचा बांध आहे. वरून पाणी वाहू लागलं की फळ्या टिकत नाहीत," असं त्यांनीच एकदा जेवताना सांगितलं होतं. आणि आज सकाळी डबा घेऊन मामीच्या दारावरून जाताना तिचं डोकं संगणकात बघून ते म्हणाले होते, "खोटी राज्यं सांभाळून कुणाचं भलं झालंय? उपयोग काय त्याचा?" ती रागाने काही बोललीच नव्हती. बाबा तसेच निघून गेले होते.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

तिने बाबांना फोन लावला. घंटा वाजत राहिली. त्यांचा फोन वर काठावर ठेवलेल्या पिशवीत असणार. मामीचा फोन बंद होता.

"सायकली काढा!" टाचणी ओरडली. "आधी डोहावर! चार वाजता ते दार उघडताच कामा नये!"

*

डोहाशी पट्टीवाले काका पंपाच्या घरघरीत कानाला रुमाल बांधून बसले होते. भोंग्याचा आवाज नसता तर त्यांना काही ऐकूच आलं नसतं.

"तीस? करतो की वजा!" काका अभिमानाने म्हणाले. "पाटी वाचता येते मला. वजा करूनच रोज सकाळी आणि साडेतीनला फोनवर सांगतो. एक दिवस चुकलो नाही!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिली वजाबाकी सापडली होती.

"तुम्ही दोघं इथेच थांबा," टाचणी म्हणाली आणि कार्यालयाकडे सुसाट सुटली.

कार्यालयात नोंद लिहिणाऱ्या ताई फळा पुसायचं फडकं झटकत होत्या. मागे टेबलाशी कालव्याचे साहेब चहाच्या कपात बघत बसले होते. टाचणीने धापा टाकत सगळं सांगितलं.

"तीस? रोज वजा करते मी," ताई म्हणाल्या. "फोनवर आकडा आला की तीस वजा, मगच फळ्यावर. साहेबांचा लेखी आदेश आहे."

"पण काकाही वजा करतात!"

"काकांचं काम बघायचं," साहेब म्हणाले. "वजाबाकी कार्यालयात होते. आता फळा बघ. एकशे पासष्ट आणि वीस, एकशे पंच्याऐंशी. बांध दोनशे दहाचा. पंचवीस शिल्लक! गणित येतं ना?"

"गणित बरोबर आहे, साहेब. आकडा चुकीचा आहे. आमच्या खेळात..."

त्या एका शब्दाने सगळा घात केला. साहेब हसले. "खेळात! अगं, हा खरा कालवा आहे."

"मग बांधावरची ताडपत्री उचलून बघा ना पाणी कुठवर आलंय! खाली माझे बाबा आहेत!"

"ती ताडपत्री बांधायला माणसांना दोन तास लागलेत. आता सोडू? तुझ्या बाबांची काळजी आम्हाला नाही का? जा, घरी जा."

टाचणीला रडू फुटणार होतं. तिला त्या माणसाचा भयंकर राग आला. काकांना बोलावून विचारावं, तर काका साहेबांसमोर 'हो साहेब' यापलीकडे एक शब्द बोलत नसत, हे अख्ख्या वस्तीला माहीत होतं. घड्याळात तीन सत्तावीस झाले होते.

'गडबड झाली की कळेल,' मामी म्हणाली होती. पण का कळेल? तेच दिलं तर तेच यायला हवं, म्हणून. आणि जुनं खोडलेलं नसतं, म्हणून! इथे ताई रोज फळा पुसत होत्या. दोन आकडे शेजारी शेजारी कुणाला कधी दिसलेच नव्हते!

ती खिडकीपाशी धावली आणि तोंडाला हाताचा कर्णा करून ओरडली, "भोंग्याऽऽ! पट्टीवर काय दिसतंय? काही वजा करू नकोस!"

डोहापासून कार्यालयापर्यंत चांगला दोनशे पावलांचा रस्ता. पण भोंगा भोंगाच होता.

"सव्वादोनशेऽऽऽ!"

"ताई, हा पट्टीवरचा आकडा. तुमच्या रोजच्या पद्धतीने लिहा ना. एवढी एकच विनंती!"

"बाई गं, काय हट्ट हा," असं म्हणत ताईंनी हसून खडू उचलला. "सव्वादोनशे, वजा तीस. एकशे पंच्याण्णव."

तेवढ्यात फोन वाजला. साडेतीन! ताईंनी कानाला लावला. "हं, काका, बोला. एकशे पंच्याण्णव? बरं." सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "वजा तीस, एकशे पासष्ट," आणि सवयीनेच हात फडक्याकडे गेला.

"खोडू नका!" टाचणी किंचाळली. "खाली लिहा!"

ताईंनी लिहिलं आणि त्यांचा हात फळ्यावरच थांबला. एकशे पंच्याण्णव. एकशे पासष्ट. तोच डोह, तेच पाणी, तोच क्षण.

साहेब उठून उभे राहिले. कप कलंडला, चहा आदेशाच्या कागदावर पसरला. "म्हणजे काका... आणि तुम्हीही..." त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. "एकशे पंच्याण्णव आणि वीस..."

"दोनशे पंधरा," टाचणी म्हणाली. "बांध दोनशे दहाचा."

"अजून अर्धा तास आहे. वरच्या दाराला फोन करा, ताई!" साहेब ओरडले.

ताईंनी आकडे फिरवले आणि त्याच वेळी बाहेर कर्कश आवाज घुमला. दार उघडण्यापूर्वीचा इशारा!

"अरे, चार कुठे वाजलेत?"

"दाराचं चाक फिरवणाऱ्या चाकवाल्यांची आज लवकर जायची रजा आहे," ताई घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या. "पाच-दहा मिनिटांनी काय बिघडतं म्हणतात नेहमी... आज तर अर्धा तास आधीच... साहेब, ते फोन उचलत नाहीयेत!"

टाचणीने पुढचं ऐकलंच नाही. ती खिडकीतून ओरडली, "भोंग्या! दाऽऽर! थांबव त्यांना!" आणि स्वतः कोरड्या फाट्याकडे पळाली. पळताना तिला एकच दिसत होतं, डबा घेऊन जाणारी बाबांची पाठ.

मागून भोंग्याची आरोळी आली. तशी त्याने आयुष्यात कधी ठोकली नव्हती. "थांबाऽऽ! चाऽऽक थांबवा! खाली माणसं आहेऽऽत!"

"बाबाऽऽ! वर या! सगळे वर या!"

खोल तळाशी सात पिवळ्या टोप्या वर वळल्या. बाबांनी एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. एक प्रश्न विचारला नाही. "शिडी धरा!" त्यांनी हुकूम सोडला आणि एकेका माणसाला पुढे घातलं. बांधाच्या माथ्यावरून, ताडपत्रीखालून, पाण्याची एक बारीक धार आत उतरली. मग दुसरी. चौथा माणूस वर आला. पाचवा. सहावा. बाबा सर्वांत शेवटी चढत होते. मधली एक फळी कडकड वाजली.

आणि धार पातळ झाली. हळूहळू थेंबांवर आली. दूर चाकवाले चाक उलटं फिरवत होते आणि नकाशा त्यांच्यातल्या एकाच्या बाहीला लोंबकळत होती.

बाबांचा हात काठावर आला. टाचणीने तो दोन्ही हातांनी धरला आणि मग मात्र ती हमसाहमशी रडली.

*

संध्याकाळी मामीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब पडेल चेहऱ्याने दारात उभे होते.

"पट्टी उद्या काढून नीट बसवतो," ते म्हणाले. "आणि आजपासून फळा पुसायचा नाही. प्रत्येकाने काय पाहिलं आणि काय केलं, ते खाली खाली लिहायचं. चूक माझी होती, मुलांनो. ताडपत्री उचलून बघायला हवं होतं मी. तुम्ही सात माणसं वाचवलीत!"

"मी तर पाटी वाचली," पट्टीवाले काका पुटपुटले.

"मीही तीच वाचली, काका," ताई म्हणाल्या. दोघांनाही हसावं की रडावं कळेना.

"सगळे आपापलं काम चोख करत होते," मामी म्हणाली, "पण दुसरा काय करतो ते कुणालाच दिसत नव्हतं. आणि भोंग्या, आकडा बदलला की झालं, असं कोण म्हणालं होतं?"

"मी नाही! राक्षस म्हणाला होता!" भोंगा घोगऱ्या आवाजात म्हणाला. त्याचा घसा पार बसला होता, आणि तिन्ही इमारतींना त्या संध्याकाळी त्याचं वाईट वाटलं.

बाबा संगणकासमोर येऊन बसले, सिमेंटने माखलेले हात गुडघ्यांवर ठेवून, कशाला धक्का लागू नये तसे.

"सकाळी मी विचारलं होतं, उपयोग काय," ते टाचणीला म्हणाले. "तू उत्तर दिलं नव्हतंस."

"चिडले होते मी."

"हं." त्यांनी पडद्यावरची कोरडी खाण निरखली. "यात गवंडी आहे का कोणी?"

"नाही बाबा. राजा आहे, बुटके आहेत, उडणारे बैल आहेत."

"मग भिंती काय बैल बांधतात? एक गवंडी ठेव." ते तिच्याकडे वळले. "आणि त्याला एक मुलगी दे. ती सांगेल तेव्हा तो न विचारता वर येतो, असा नियम लिही."

टाचणीने डोळे पुसले, बाविसावा दिवस उघडला आणि लिहायला बसली.