हो असेल तर उडी

त्या सकाळी जिन्यात सुतार भेटला. खांद्याला ड्रिल, हातात स्क्रूचा डबा.

"बाई, तुमच्या वर्गातले बाक जमिनीला ठोकायचेत. मोठ्या बाईंनी सांगितलंय. खालच्या सरांची तक्रार आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी पोरं पहिलीतली. एवढ्याशा जिवांना दिवसभर एका जागी बसवणं म्हणजे शिक्षाच! म्हणून रोज आम्ही बाक भिंतीला सरकवतो आणि मोकळ्या जागेत शिकतो. बेरीज उड्या मारत, अक्षरं खडूने जमिनीवर काढून त्यांवरून चालत. उत्तर 'हो' असेल तर उडी, 'नाही' असेल तर बसकण. आमच्या भिंगरीला घरचेसुद्धा ढ म्हणायचे. ती त्या अक्षरांवरून पळता पळताच वाचायला लागली. बाक ठोकले की संपलंच सगळं.

तरातरा खाली निघाले आणि वळणावर कुणावर तरी आदळले. खडूंचा खोका उडाला, माझी बाही पांढरी झाली. उंच, चष्मेवाला, विस्कटलेल्या केसांचा तो... घाईघाईने खडू गोळा करायला लागला.

"लागलं का हो?"

"दहावीला गणित शिकवणारे नवे सर तुम्हीच ना?"

"हो, परवाच रुजू—"

"आणि लगेच तक्रार! लहानपणी तुम्ही हललाच नाहीत का? की जन्मलातच खुर्चीत?"

तो हसला. भांडणात हसणारी माणसं मला अजिबात आवडत नाहीत.

"मी फक्त बाक ओढण्याच्या आवाजाबद्दल बोललो होतो. कर्र... कर्र... दात शिवशिवतात. ते बाक ठोकायला निघतील असं नव्हतं वाटलं."

"मग वर येऊन मला सांगायचं! जिना काय फक्त सुतारासाठी आहे?"

"आलो होतो." तो खडू पुसत राहिला. "तुमचा हो-नाहीचा खेळ चालला होता. पोरांबरोबर तुम्हीही उड्या मारत होतात. मग... काय बोलायला आलो होतो तेच विसरलो."

माझे कान तापले. रागाने. रागानेच!

"सुताराला मी थांबवतो," तो म्हणाला. "एक दिवस द्या मला."

शाळा सुटल्यावर तो सायकलची जुनी ट्यूब आणि कात्री घेऊन हजर. बाकाखाली आडवा होऊन एकेका पायाला रबराचे बूट चढवू लागला. मी बाक उचलून धरत होते आणि तोंडाचा पट्टा सोडला होता.

"नीट धरा हो."

"धरलंय! तुमच्यामुळेच धरायची वेळ आलीय."

"तुमचा राग किती टिकतो साधारण?"

"भरपूर."

"छान. मला टिकाऊ गोष्टी आवडतात."

बाक जरासा निसटला माझ्या हातून. त्याच्या बोटावर पडला नाही, हे त्याचं नशीब.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई त्याच्या वर्गात कान देऊन बसल्या. वर आम्ही बाक सरकवले, हूं की चूं नाही. पण मग उड्या सुरू झाल्या... धप्प, धप्प! पोरांना थांबवावं का? भिंगरी उड्या मारत बेरीज सांगत होती, एकही न चुकता. नाही थांबवलं. ठोका म्हणावं बाक, मग मी आहे आणि त्या आहेत!

थोड्या वेळाने मोठ्या बाई दारात.

"बाक गप्प झाले. पण छत दणाणतंय त्याचं काय, असं मी सरांना विचारलं. तर म्हणतात, तो आवाज आला नाही तर मला करमणार नाही." चष्म्यावरून त्यांनी मला न्याहाळलं. "सुतार परत जाईल. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

मधल्या सुट्टीत मी खाली. वर्गात तो एकटाच फळा पुसत होता.

"तक्रार मोठ्या बाईंकडे, आणि हेही त्यांच्याकडेच? मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही बोलू कुठे देता!" त्याने डस्टर खाली ठेवलं. आवाज एकदम मऊ झाला. "आवडता तुम्ही मला. चिडता तेव्हा तर फारच. आज संध्याकाळी... माझ्याबरोबर फिरायला याल?"

इतका राग आला की पाय आपटत वर आले. पोरं मैदानात होती. दार लावलं. त्याचं टेबल खाली नेमकं कुठे येतं, त्याचा अंदाज घेतला... आणि सगळा जीव एकवटून उडी मारली.

धप्प!

मग खालून छताला लांब पट्टीची टकटक झाली... जरा घाबरत, पुन्हा विचारल्यासारखी.

एकदा सांगून कळत नाही म्हणजे काय! मी आणखी जोरात उडी मारली.