अंगठ्याखालची अक्षरं

"पोरगी जित्ती हाय का न्हाय, तेवढं सांगा. बाकी काय नगं मला," असं म्हणून शामूअण्णा खुर्चीच्या कडेवर टेकले. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा युवराज उभाच राहिला.

बेळगावच्या खडेबाजारातल्या साडीच्या दुकानावरची ती छोटी खोली म्हणजे सुनयनाचं ऑफिस. पूर्वी ती एका विमा कंपनीसाठी खोटे दावे शोधायची. आता स्वतःचं काम करायची. निवृत्त हवालदार मारुतीराव तिची गाडी चालवायचे आणि प्रत्येक प्रकरणात पहिला गुन्हेगार तेच पकडायचे. बहुतेकदा चुकीचा.

"सुरुवातीपासून सांगा, अण्णा," सुनयना म्हणाली.

शामूअण्णांचं घर उचगावचं. मुलगी तेजस्वी बेळगावात कॉलेजला. तिचं लग्न सदलग्याच्या मुलाशी ठरलं होतं, आणि त्याच मुलाची बहीण युवराजला करायची होती. साटंलोटं. मांडव एकच. पण रविवारी सदलग्याच्या घरी अनोळखी नंबरवरून एक फोटो आला आणि दुपारपर्यंत उचगावातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. पाठवणारा नंबर आता बंद होता.

युवराजने फोटो दाखवला. मोबाइलच्या पडद्याचा, दुसऱ्या मोबाइलने काढलेला. आडवा, अरुंद, कातरल्यासारखा. निळ्या चौकटीत लिहिलं होतं: ‘मला हे लग्न नको. बेळगावात काम मिळतंय, ते करायचं आहे. घरी सांगायची हिंमत होत नाही.’ कोपऱ्यात मातकट रंगाचा एक पुसट डाग. खाली कुणीतरी टाइप केलं होतं: उचगावच्या शामूअण्णाची तेजस्वी.

"हे तिनंच लिहिलं होतं?"

"व्हय म्हणाली तोंडावर." शामूअण्णांनी मान खाली घातली. "मी हात उगारला. सकाळी उठून बघतोय तर अंथरूण मोकळं. दोन दिस झालं. काल विहिरीत गळ टाकून बघितला आमी."

"ह्ये त्या ‘कुजबूज’वाल्यांचं काम हाय," युवराज म्हणाला. "टिळकवाडीत हापिस हाय त्यांचं. कॉलेजच्या पोरांसाठी ॲप काढलंय. पोरींना बोलतं करायचं आणि मग असं उघडं पाडायचं."

"तुम्ही कधी पाहिलंय ते?"

"मी कारखान्यात लेथवर काम करतो, बाई. असल्या नादाला मला कुठला येळ?"

"तुमचंही लग्न मोडलं ना?"

"दोन्हीबी मोडली. माझं जाऊ द्या. तिला शोधा."

*

टिळकवाडीतल्या ऑफिसच्या खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा लावलेला होता. आदल्या दिवशी उचगावची काही मुलं येऊन काच फोडून गेली होती. आत दोघंच होती: ॲपची रचना करणारी, त्या लहानशा कंपनीची मालकीण करिष्मा, आणि ते संगणकावर उभं करणारा यशपाल.

"उचगावच्या तेजस्वीबद्दल आलोय," सुनयना म्हणाली. "ती परवापासून घरी नाही."

"आमच्याकडून काहीही बाहेर गेलेलं नाही," करिष्मा चटकन म्हणाली.

यशपाल मात्र खुर्चीतून अर्धा उठला. "अजून सापडली नाही? पोलिसांत कळवलं का?"

सुनयनाने दोघांकडे पाहिलं. "मला ॲप दाखवा."

करिष्माने चाचणीचा एक मोबाइल काढून मारुतीरावांच्या हातात दिला. पडद्यावर एक कोरी निळी चौकट होती. मारुतीरावांनी तिच्यावर बोट मारलं. मग दोनदा मारलं. मग मोबाइल हलवून पाहिला.

"ह्यात काय न्हायच की!"

"अंगठा टेकवून धरून ठेवा, काका."

त्यांनी धरला. चौकटीत अक्षरं उमटली: ‘इथे कुणी तुझं नाव विचारणार नाही.’ अंगठा उचलताच ती गेली.

"पहिल्यांदा हातात घेणारा प्रत्येकजण असंच करतो," करिष्मा म्हणाली. "आम्ही आधी पणत्या, रांगोळ्या, गोड सुविचार घालून ॲप केलं होतं. मुलं हसली. म्हणाली, हे तुम्ही आमच्यासाठी नाही, आमच्या आईबापांसाठी केलंय. मग आम्ही त्यांनाच इथं बसवून विचारलं. तेजस्वीही यायची. ती म्हणाली, मॅडम, आमच्या घरात मागनं कुणीबी डोकावतंय. बोट उचललं की अक्षरं गेली पाहिजेत. ही युक्ती तिचीच. मी तिला इथंच काम देऊ केलं होतं."

"बोलायचं कुणाशी?"

"ॲप सुरुवातीला विचारतं, त्रास कशाचा आहे. परीक्षा, एकटेपणा, घरच्यांनी ठरवलेलं लग्न. सारखं दुखणं असलेल्या दोघांची जोडी लागते. नाव नाही, नंबर नाही. प्रत्येकाला एका पाखराचं नाव."

"फक्त कॉलेजची मुलं?"

"अजून चाचणीच आहे, सुरुवात कॉलेजपासून. पण प्रत्येकाला एका मित्राला बोलवता येतं. तरुणांमध्ये गोष्टी अशाच पसरतात."

सुनयना यशपालकडे वळली. "तुम्हाला इथून सगळं वाचता येत असेल."

त्याने पडदा तिच्याकडे फिरवला. त्यावर अर्थ नसलेल्या अक्षरांचा नुसता काला होता. "चौकटी नाहीत, रंग नाहीत, काही नाही. वाचता येतं ते फक्त त्या दोघांच्या मोबाइलवर. आपण लिहिलेलं पिवळ्या चौकटीत, समोरच्याचं निळ्या."

सुनयनाने चाचणीचा मोबाइल मागून घेतला.

गाडीत बसताच मारुतीराव म्हणाले, "यशपालच! लई घाबरलंय त्ये."

"घाबरलाय खरा, आप्पा. पण तेजस्वीसाठी."

*

उचगावात शामूअण्णांच्या अंगणात माणसं गोळा होऊन बसली होती. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. तेजस्वीची आई मालुबाई उंबऱ्यावर होती. तिच्या डोळ्यांत पाणी उरलं नव्हतं.

"माझी पोरगी कुणाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय," ती म्हणाली. "दादावर तर लई जीव. दादाला काय हवं-नको, तिला आधी कळायचं."

"तिचा मोबाइल?"

"संगं घिऊन गेलीया. बंद लागतोय."

"घरात तिच्या मोबाइलला कुणी हात लावायचं?"

"आमाला कुठं त्यातलं काय कळतंय?"

युवराज गोठ्याकडून आला. सुनयनाने चाचणीचा मोबाइल पुढे केला. "हेच ते ॲप. तुम्ही ज्याच्याबद्दल म्हणत होता."

शामूअण्णांनी तो आधी घेतला, डोळ्यांजवळ नेला, बोटानं टोचून पाहिला. "कोरंच दिसतंय."

"बघू." युवराजने मोबाइल घेतला, निळ्या चौकटीवर अंगठा टेकवला आणि वाचलं, "‘इथे कुणी तुझं नाव विचारणार नाही.’ बघा! असं लिवून नादी लावत्यात पोरींना."

त्याने मोबाइल तिरस्काराने परत दिला. अंगणातून एक म्हातारा म्हणाला, "त्या हापिसाला टाळं लावाय पायजे." चार-पाच तरुण उठून मोटरसायकलींकडे निघाले.

सुनयना त्यांना आडवी गेली. "उद्या दुपारपर्यंत थांबा. तोवर तेजस्वी मिळाली नाही, तर मी स्वतः तुमच्याबरोबर येईन."

तरुण एकमेकांकडे बघत थांबले. परतताना मारुतीराव गाडी चालवता चालवता म्हणाले, "बाई, कशाच्या जिवावर शब्द दिलासा?"

"टिळकवाडीला घ्या. ती कुठं आहे, हे करिष्माला ठाऊक आहे."

*

"मुलगी हरवली म्हटल्यावर यशपालनं लगेच विचारलं, सापडली का," सुनयना करिष्माला म्हणाली. "तुम्ही नाही विचारलं. जी तुमच्याकडे येऊन बसायची, जिला तुम्ही काम देणार होता, तिच्याबद्दल एक शब्द नाही. ती मेली की जगली, याची काळजी फक्त एकाच माणसाला नसते. जिला माहीत असतं, तिला."

करिष्माने उठून दार लावून घेतलं.

"निपाणीत आहे, माझ्या आईकडे," ती म्हणाली. "पहाटे माझ्या दारात उभी होती. म्हणाली, घरी कळवलंत तर मी परत कुणाला दिसणार नाही. मी काय करायचं होतं?"

सुनयनाने तिथूनच शामूअण्णांना फोन केला. "पोरगी सुखरूप आहे. उद्या सकाळी युवराजला घेऊन मी सांगते तिथं या. गावाला मात्र काच फोडणं पुरे म्हणावं."

 पलीकडून नुसता एक हुंदका आला.

*

करिष्माची आई सुलाबाई निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबून म्हातारी झालेली. दुसऱ्या दिवशी उजाडताच पोचलेल्या सुनयनाला तिने दारातच अडवलं. "पोरीवर कुणी आवाज चढिवला तर मी ऐकणार न्हाय. आधीच सांगते."

तेजस्वी आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसली होती. सुनयनाने फोटो दाखवला. तिने एकदाच पाहिलं आणि नजर वळवली.

"हे कुणाला लिहिलं होतंस?"

"खंड्याला. माझं नाव टिटवी होतं, त्याचं खंड्या. कोण ते माहीत नव्हतं. पण त्याच्याशिवाय मी कुणाशी बोलले नाही. मी रडत असले की तो म्हणायचा, घाबरू नकोस, मीपण ह्याच दावणीला बांधलोय."

"फोटोत आहे तेवढंच लिहिलं होतंस?"

"नाही." ती थबकली. "खाली आणखी होतं. ‘एकाच मांडवात दादाचंही लग्न आहे, साटंलोटं. दादालापण ते नको असावं. पण तो बोलत नाही.’ असं."

"मग खंड्या काय म्हणाला?"

"काहीच नाही. त्यानंतर तो कधीच बोलला नाही. मला वाटलं, त्याला काही झालं."

सुनयनाने मोबाइल पर्समध्ये ठेवला आणि मारुतीरावांना म्हणाली, "चला आप्पा, चहा घेऊ. ते येईपर्यंत मला बोलायचं नाही."

*

तासाभराने शामूअण्णा आत आले आणि मुलीला पाहून तिथंच खाली बसले. तेजस्वी जागची हलली नाही. युवराज दाराशी थांबला. करिष्मा आणि सुलाबाई एका बाजूला होत्या.

"हा फोटो कुणी काढला, ते सांगते," सुनयना म्हणाली. "चौकट निळी आहे. आपण लिहिलेलं पिवळ्यात दिसतं, समोरच्याचं निळ्यात. म्हणजे हा तेजस्वीच्या मोबाइलचा फोटो नाही. घरात कुणी तिचा मोबाइल चोरून बघितला, असं झालेलं नाही."

"मग हापिसातनं!" शामूअण्णा म्हणाले.

"ऑफिसात चौकटीच दिसत नाहीत, अण्णा. आणि कोपऱ्यातला हा डाग बघा. तो अंगठा आहे. अंगठा धरून ठेवल्याशिवाय अक्षरं उमटत नाहीत, म्हणून एका हातात तो मोबाइल आणि दुसऱ्या हातात फोटो काढणारा. हा खऱ्या मोबाइलचा, खऱ्या माणसाने काढलेला फोटो आहे. तो माणूस एकच असू शकतो: खंड्या."

तेजस्वीने मान हलवली. "तो असं करणार नाही."

"खंड्याबद्दल आपल्याला काय माहीत आहे? सारखं दुखणं असलेल्यांचीच जोडी लागते, म्हणजे त्याचंही मनाविरुद्ध लग्न ठरलंय. तो कॉलेजचाच असायला हवा असं नाही, कारण मित्राला बोलवता येतं. टिटवी म्हणजे कोण, हे ॲपमध्ये कुठंच नाही. ते कळलं फक्त तिच्या शेवटच्या मजकुरावरून, एकाच मांडवातल्या दोन लग्नांवरून. आणि फोटोतून कातरला गेलाय तोच भाग. ‘दादालापण ते नको असावं.’ ते वाक्य गावात जाऊ नये, याची गरज कुणाला होती?"

युवराज दारातून एक पाऊल मागे सरला.

"मी त्ये ॲप बघितलंबी न्हाय," युवराज म्हणाला.

"मारुतीआप्पांनी बोट मारून पाहिलं, त्यांना कोरं दिसलं. तुमच्या वडिलांना कोरं दिसलं. पहिल्यांदा हातात घेणारा प्रत्येकजण तसंच करतो, असं करिष्मा म्हणाली होती. तुम्ही कुणी न सांगता अंगठा टेकवलात, धरून ठेवलात आणि सगळं वाक्य वाचलंत. तुमच्या डोक्यानं खोटं सांगितलं, युवराज. अंगठ्याला सवय होती."

मारुतीराव पुटपुटले, "मी तितंच हुतो की! डोळ्यांदेखत!"

युवराजने दाराची चौकट धरली. "कारखान्यातल्या मित्रानं त्या ॲपवर बोलिवलं होतं मला. मला एक पोरगी पसंत हाय, आण्णा. तुमाला सांगायची छाती झाली न्हाय. सदलग्यानं तिचं लगीन मोडलं की माझंबी आपोआप मोडंल, एवढंच डोस्क्यात आलं. ती घर सोडंल असं वाटलं न्हवतं. विहिरीत गळ टाकला तवा मी..."

तेजस्वी पहिल्यांदाच उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तू होतास खंड्या?"

त्याने मान डोलावली.

"मी सगळं तुला सांगितलं. आणि तुला नको होतं, मलापण नको होतं. एकदा म्हणायचं होतंस की रं, मी हाय म्हणून. दोघं मिळून आण्णांसमोर उभं राहिलो असतो." तिचा आवाज चढला नाही. "फोटो दिलास ते एक वेळ सोसलं असतं मी. गाव माझ्या तोंडावर थुंकलं, तेव्हा तू शेजारी उभा होतास."

करिष्मा हळूच म्हणाली, "आम्ही ॲप एवढ्यात बाजारात आणत नाही. नाव लपवलं की मुलं बोलतात, तेवढंच आम्ही पाहिलं होतं."

शामूअण्णा भिंतीला हात टेकून उठले. सगळ्यांना वाटलं, आता हात उठणार. त्यांनी खिशातून स्वतःचा जुना मोबाइल काढला आणि युवराजपुढे धरला.

"सदलग्याला लाव. मग गावात सरपंचाला. फोटो कुणी धाडला त्ये सांग."

"आण्णा, तुमी बोला..."

"मी न्हाय. आणि आडून न्हाय. नाव घिऊन."

मग ते तेजस्वीकडे वळले, पण जवळ गेले नाहीत. "तुला हितं ऱ्हायाचं असंल तर ऱ्हा. घरी यायचं असंल तर ये. कामाचं तू ठरीव. मी इचारणार न्हाय."

"आज इथंच राहते," ती म्हणाली. सुलाबाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

युवराजने नंबर लावला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली, मग कुणीतरी उचललं. त्याने एकदा बहिणीकडे पाहिलं. तिने नजर हटवली नाही.

"नमस्कार," तो म्हणाला. "मी युवराज बोलतोय. उचगावचा. तेजस्वीचा भाऊ."