न वाळणारी पेनं

"मावशी, पेनं अजून चिकटच दिसताहेत!" लाकडी कपाटात डोकावून भिंगरीने आरोळी ठोकली.

"हात लावू नकोस! ओल्या रोगणाने अशी खाज सुटेल की सुट्टीभर नाचत बसशील!" लेथ यंत्रामागून मावशी म्हणाली. पण तिचा आवाज रडवेला होता.

मावशी एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची, पेनं कातायची आणि त्यांवर उरुशी चढवायची. उरुशी म्हणजे झाडाच्या चिकाचं जपानी रोगण. रविवारी तिचे गुरुजी येणार होते. पेनं पसंत पडली, तरच त्यांवर स्वतःची खूण काढायची परवानगी मिळणार होती. इतकी वर्षं बिचारी बिनखुणेची पेनं करत होती! आणि आता रोगणाचा शेवटचा हात काही केल्या वाळेना.

"उन्हात ठेवू या की," मावशीचा मुलगा म्हणाला. पुढचा दात पडल्यापासून बोलताना शीळ वाजायची, म्हणून तो शिट्टी.

"अरे शहाण्या, उरुशी दमट हवेतच वाळते! म्हणून तर कपाटात ओली फडकी ठेवतात," भिंगरीने ऐटीत सांगितलं. कालच शिकली होती ना! बोलता बोलता तिने खालच्या फडक्याला बोट लावलं आणि ती उडालीच. "शिट्ट्या! हे कोरडं ठणठणीत! सकाळी माझ्यासमोर भिजवलं होतं!"

"भूत असेल."

"भुताला फडक्यांचं काय पडलंय?"

दुसऱ्या दिवशी मावशीने फडकी पुन्हा भिजवली. जेवणं झाल्यावर मावशी लवंडली, तशी दोघांनी लेथखालचा एबोनाइटचा काळा भुसा कपाटापुढे पसरला.

"हा चोराच्या मोज्यांना लागेल. लोकरीला चिकटला की झटकून जात नाही," भिंगरी कुजबुजली. "माझ्या स्वेटरची दशा बघ!"

तासाभराने येऊन बघतात तर फडकी पुन्हा कोरडी, आणि भुसा विस्कटलेला! दोघं बाहेरच्या खोलीत धावली. स्टुलावर पाय टाकून काका पेपर वाचत होते. पांढरे लोकरीचे मोजे, आणि तळवे काळेकुट्ट!

"बाबा, तुम्ही?" शिट्टीची शीळ घरभर वाजली.

"अरे, चोरी नाही केली!" काका गडबडले. "ओल्या फडक्यांत पेनं वाळणार कशी? म्हणून ही झोपली की मी फडक्यांना कडक इस्त्री करून परत ठेवतो. गुपचूप मदत!"

"मदत!" दारात मावशी उभी होती. "अहो, उरुशीला ओलावा लागतो, हे किती वेळा सांगितलं तुम्हाला!"

"तेव्हा मी... पेपर वाचत असेन."

मावशीला हसावं की रडावं कळेना. भिंगरीने मात्र हुकूमच सोडला, "काका, आजपासून फडकी तुम्ही भिजवायची. इस्त्री आमच्या ताब्यात!"

रविवारी गुरुजींनी वाळलेलं एक पेन गालाला लावलं, उजेडात फिरवलं.

"रात्रीच्या तळ्यासारखं झालंय," ते म्हणाले. "काढ तुझी खूण." मग फडक्यांची गोष्ट ऐकून मुलांकडे वळून हसले. "आणि पुढच्या सुट्टीत या दोघांना माझ्याकडे पाठव. फडकं कोरडं का, असं विचारणारी पोरं माझ्या कामाची आहेत!"

भिंगरीची छाती फुगली. मावशीने बारीक कुंचला लाल उरुशीत बुडवला आणि पेनाच्या टोकाशी एक थेंब काढला.

"पाण्याचा?" भिंगरीने विचारलं.

"पाण्याचाच! त्यानेच तर तारलं."

"शेजारी छोटीशी इस्त्री काढतेस?" काकांनी हळूच विचारलं.

"नाही!!!" तिघंही एका सुरात ओरडली.