राहिलेली बारी

लिंगराजचा चेलो त्याच्या आईला परत द्यायचा, एवढ्याच कामासाठी श्रीशैल, अर्पिता आणि प्रीतम त्या दुपारी पूर्ण्याहून झरीला आले होते. दोन व्हायोलिनं, एक व्हियोला आणि हा अंगानं धिप्पाड चेलो घेऊन चौघं जॅझ वाजवायचे. परभणीकडं जॅझ! "हळदीला येता का?" म्हणून लोक थट्टा करायचे, पण ऐकायला थांबायचे.

जॅझमध्ये प्रत्येकाची बारी येते. एकानं मनाला येईल ते वाजवायचं, बाकीच्यांनी ठेका धरायचा. झालं की मान हलवून पुढच्याला खुणावायचं. गंगाखेडच्या कार्यक्रमात टाळ्या पडल्या आणि श्रीशैल थांबलाच नाही. लिंगराजची बारी त्यानं खाऊन टाकली. "माझी राहिली रे," लिंगराज हसून एवढंच म्हणाला. चार दिवसांनी मोटारसायकल घसरल्याचं निमित्त झालं आणि तो गेला. श्रीशैलला माफी मागायची होती. ती त्यानं चारही दिवस उद्यावर टाकली होती.

लिंगराजच्या आईनं, शिवम्मांनी, चेलो भिंतीला टेकवून ठेवला.

"आमच्या लिंगायतात बसवूनच माती देतेत," त्या म्हणाल्या. "वाजवायला बसल्यावानीच दिसायलता माझा लिंगू. एकदा वाजवा की, लेकराहो."

चेलोपाशी एक खुर्ची रिकामी ठेवून तिघं बसले, गंगाखेडचीच धून धरली. श्रीशैलनं आपली बारी लवकर आवरली आणि लाजतलाजत रिकाम्या खुर्चीकडं मान हलवली. बाकी दोघं ठेका धरून राहिले. खोलीत उकरलेल्या मातीचा वास आला. मग... भिंतीपाशी जाड तार घुमली.

चेलोला कुणाचाच हात नव्हता. तरी तो वाजत होता, सावकाश, आणि इतका सुंदर की श्रीशैलला रडू फुटलं. हे आपण त्या दिवशी अडवलं होतं.

"लिंगू, चुकलं रे माझं," तो मोठ्यानं म्हणाला.

सूर थांबला. शिवम्मा दारात डोळे मिटून उभ्या होत्या.

"श्रीशैल..." अर्पिता कुजबुजली. "खुर्चीकडं बघू नको."

"का?"

"त्यानं मान हलवली... तुझ्याकडं बघून."

श्रीशैलनं व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. नको म्हणायची त्याची छाती झाली नाही. तारांवर फिरवायचा गज अजून मांडीवरच होता, आणि तारा आपोआप वाजायला लागल्या होत्या.