चौथं कडवं

तरवडी फाट्यावर दर वर्षी डिसेंबरात एक कार्यक्रम होतो. चाकणहून तळेगावकडे जाणारे ट्रेलर धूळ उडवत जातात आणि कडेच्या मांडवात शे-दीडशे माणसं सतरंजीवर बसून एक कविता ऐकतात. कविता समाधान येळवंडेची. समाधान कंपनीत प्रेसशॉपला, कैक वर्षं कंत्राटी. कवी म्हणून त्याला फाट्यापलीकडे कुणी ओळखत नाही, पण फाट्यावर तो उभा राहिला की चहावालाही स्टोव्ह बारीक करतो.

झालं होतं ते असं. कंपनीनं भिंत घातली आणि गावाची स्मशानात जायची वाट बंद झाली. लोक भिंतीसमोर जाऊन बसले. मग बाहेरून बंदूकधारी जवानांची तुकडी आणली गेली आणि भरदुपारी गोळ्या सुटल्या. दत्तू गेला, कॉलेजातला सुजित गेला, भाकरी घेऊन आलेली शालनबाई गेली. शालनबाईला उचलायला अफताब धावला, तो तिच्या अंगावरच पडला. अफताबचं फाट्यावर पंक्चरचं दुकान होतं. भिंत मात्र जागची हलली नाही, त्यामुळे तिघांच्या तिरड्या लांबून वळसा घालून न्याव्या लागल्या; अफताबला कब्रस्तानात नेलं. चौकशी झाली म्हणतात. कुठं झाली ते विचारू नका.

त्याच महिन्यात समाधाननं ती कविता लिहिली.

‘गोळीला गाव नसतं, बंदुकीला नाव नसतं,
ज्यांना लागली त्यांना मात्र दोन्ही होतं.’

शिफ्टच्या सुरुवातीला सुपरवायझर नावं पुकारतो आणि कामगार ‘हजर’ म्हणतात, तीच चाल त्यानं उचलली. प्रत्येक कडव्याच्या शेवटी मेलेल्याचं नाव यायचं आणि सगळा मांडव एका आवाजात म्हणायचा, हजर. घरचे तेवढे गप्प राहायचे. आपल्या माणसाची हजेरी दुसऱ्यांनी दिलेली ऐकायची, असा रिवाजच पडून गेला.

यंदा कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी बबनराव त्याच्या घरी आले. बबनराव तेव्हा भिंतीसमोर सगळ्यांच्या पुढे बसले होते. आता भिंतीच्या आत त्यांचंच लेबर कॉन्ट्रॅक्ट होतं.

“समाधान, चौथं कडवं यंदा राहू दे,” चहा फुंकत ते म्हणाले.

“अफताबचं?”

“पाव्हणे येणार हायेत वरनं. वातावरण बघतोयस नव्हं? अन् पोरगा गावचा तरी कुठं हुता? तुझ्या पर्मनंटचं बोललोय मी साहेबांशी. उगं नाट लावू नगंस, भावा.”

आत दिपाली भाकऱ्या थापत होती, तिचे हात थांबलेले समाधानला जाणवले. बायकोला किती वर्षं नुसती आशा दाखवायची? एका कडव्यानं काय बिघडतं, असं त्यानं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला फार लवकर समजावतो.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना मांडव भरला. अफताबची आई, खातूनबी, पहिल्या ओळीत बसली होती. समाधान जवळून गेला तसा तिनं त्याचा हात धरला.

“घसा बरा हाय ना बेटा? वर्षभर कुणी त्याचं नाव बी घेत नाही. आज तेवढं ऐकू येतं, की तो हाय.”

तिचा हात त्यानं हळूच सोडवला. त्याक्षणी त्याला स्वतःची लाज वाटली, तरी तो मंचावर गेला.

दत्तूचं नाव आलं. हजर. सुजितचं आलं. हजर. शालनबाईचं आलं. हजर. समाधाननं हात जोडले आणि माईक बंद केला. पाहुण्यांनी टाळ्या सुरू केल्या. लोक एकमेकांकडे बघत राहिले, पण विचारलं कुणीच नाही.

तेव्हा ट्यूबमधून हवा सुटावी तसा बारीक आवाज आला. पंक्चरच्या सोल्युशनचा उग्र वास मांडवात पसरला. आणि माईक बंद असताना कर्ण्यातून एकट्या माणसाचा आवाज आला...

“हजर.”

टाळ्या थांबल्या. बबनराव साउंडवाल्यावर खेकसले. खातूनबी मात्र शांतपणे उठली आणि समाधानपाशी आली.

“नाव नाही घेतलंस, तरी आला बघ,” ती म्हणाली. “पण त्याचं नाव तर तू काढून टाकलंस... आता तो कुणाच्या नावाला उत्तर दील?”

सकाळी फर्स्ट शिफ्टला सुपरवायझरनं पुकारलं, “समाधान येळवंडे.” समाधाननं तोंड उघडलं, तोच त्याच्या मागून आवाज आला, “हजर.” मागं कुणी नव्हतं, नुसता तो वास होता. तो घाईनं ओरडला, “साहेब, हजर!”

“अरे, एकदा झालं की,” सुपरवायझर मान वर न करता म्हणाला.

रोज तेच होऊ लागलं. पुढंपुढं तर आपलं नाव आलं की समाधानच्या घशातून आवाजच निघेना. पर्मनंटचं पत्र आलं त्या दिवशी तो ऑफिसात पोचला, तर क्लार्क म्हणाला, “आत्ताच तर घेऊन गेलात. थट्टा करता का राव?”

समाधान तिथून थेट फाट्यावर गेला. मांडव केव्हाच उतरवला होता. अफताबच्या दुकानाचं शटर बंद होतं. त्याच्यासमोर उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता, तो चौथं कडवं म्हणू लागला. या ओळींना मात्र आवाज फुटला.

‘पाना टाकून धावला तो, पंक्चर अर्धं राहिलं,
पडली ती कुणाची कोण, त्यानं नाही पाहिलं.’

“अफताब... अफताब चांदभाई...”

एक ट्रेलर गेला. धूळ बसली. समाधान कान देऊन थांबला. उत्तर आलं, अगदी स्पष्ट. ते त्याच्याच तोंडातून आलं होतं.

“हजर.”

तो घराकडे पळत सुटला. दिवेलागण झाली होती. दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून दिपालीचा हसरा आवाज येत होता. पेढ्यांचा बॉक्स उघडल्याचा आवाज आला. समाधाननं उंबऱ्यात उभं राहून तिला हाक मारायचा प्रयत्न केला, पण ओठ नुसते हलले. तिनं वळूनही पाहिलं नाही.

“अहो, ऐकलं का?” ती आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली.

“हजर,” आतून उत्तर आलं.

“हजर काय, कंपनी आहे का ही? या जेवायला. आणि आधी हात धुवा. किती काळे झालेत.”