क्रेनवाल्याने न नेलेला टेम्पो

क्रेन गल्लीत वळली तेव्हा धाकटी टेम्पोत स्टिअरिंग धरून बसली होती, आणि खाली उतरायचा तिचा अजिबात विचार नव्हता.

"मॅडम, उतरता का? गाडी न्यायची आहे," क्रेनवाला खिडकीशी येऊन म्हणाला.

"नाही."

"म्हणजे... उतरायचं नाही, की गाडी न्यायची नाही?"

"दोन्ही."

त्याने हातातल्या साखळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्याच वयाचा असेल. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, भुवयांवर भुरभुर पावसाचे थेंब. रागवायला काहीतरी सापडावं म्हणून धाकटीने त्याला नीट निरखलं, पण तसं काही सापडेना.

टेम्पो बाबांच्या लाँड्रीचा होता. शहरातल्या लॉजमधून मळक्या चादरी आणायच्या, धुऊन, इस्त्री करून पोचत्या करायच्या. बाबा गेल्यापासून हे सगळं धाकटीच ओढत होती. दादाचा त्यात जीव नव्हता. त्याची चांगली नोकरी होती, आणि बहिणीने टेम्पो हाकत लॉजच्या मागच्या दारांनी हिंडावं हे त्याला मुळीच पटत नव्हतं. गेल्या आठवड्यात टेम्पो बंद पडला, नवी बॅटरी घालूनही चालू होईना, तेव्हा त्याला आयतंच निमित्त मिळालं. इंजिन गेलं म्हणत त्याने परस्पर भंगारवाल्याशी बोलून टाकलं. सकाळी चहा देताना वहिनीने हळूच कानावर घातलं, म्हणून धाकटीला कळलं तरी.

"झालंय काय गाडीला?" क्रेनवाल्याने विचारलं.

"किल्ली फिरवली की टक् करते, आणि गप्प."

"एकदाच टक्? की टकटकटक, लागोपाठ?"

धाकटीने चमकून वर पाहिलं. आठवडाभर सगळ्यांनी सल्ले दिले होते, प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

"एकदाच."

"दिवे लावा आणि पुन्हा फिरवा."

तो टेम्पोसमोर जाऊन उभा राहिला. तिने किल्ली फिरवली. टक्.

"दिवे मंद झाले का?" तिने मान बाहेर काढून विचारलं.

"छे. तुमच्यासारखेच डोळे वटारून बघताहेत माझ्याकडे."

धाकटीने ओठ घट्ट मिटले. हसण्याची ही वेळ नव्हती.

"बॅटरी दमली असती तर दिव्यांनीही मान टाकली असती," तो जवळ येत म्हणाला. "म्हणजे बॅटरीत जोर आहे. एकतर तो सेल्फपर्यंत, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरपर्यंत पोचत नाही, नाहीतर सेल्फच अडकलाय."

"मग बघा ना."

"मी गाड्या ओढायला येतो, मॅडम. दुरुस्त करायला नाही. क्रेन काकांची आहे. त्यांना कळलं तर..."

"मग तुम्ही हात लावू नका. मला सांगा, मी करते."

तो तिच्याकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ. मग वळला आणि क्रेनमधून जंपर केबल घेऊन आला.

धाकटीने उतरून सीट वर उचललं. खाली इंजिन. त्याने सांगितलं तसं तिने केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. मग ती भराभर सीट पाडून वर चढली. किल्ली फिरवली.

टेम्पो खोकला, थरथरला... आणि चालू झाला.

धाकटीला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तो मात्र शांतपणे म्हणाला, "इंजिन ठणठणीत आहे. करंट गेला तसा त्याला परत यायलाही वाट लागते. ती वाट कुठेतरी तुटलीय. आता बंद करा, आणि इंजिनपासून चासीला, खालच्या सांगाड्याला जाणारी जाड वायर बघा. अर्थिंगची."

तिने इंजिन बंद केलं आणि ती सरळ टेम्पोखाली शिरायला निघाली. "थांबा," म्हणत त्याने ओल्या जमिनीवर पोतं अंथरलं. मग टॉर्च दाखवायला म्हणून तोही शेजारी आडवा झाला. वायर हिरवी पडली होती. धाकटीने बोट लावलं तर एक टोक सुटून हातातच आलं.

"गाठोड्यांचं पाणी," ती पुटपुटली. "चादरी ओल्या असल्या की ठिबकतात. माझ्याच मागे बसून हिला खाल्लं त्याने."

"माझ्याकडे एक वायर आहे. पण आधी गंज खरवडायला हवा." त्याने पॉलिश पेपर पुढे केला. घेताना तिची बोटं त्याच्या बोटांवर टेकली, आणि दोघंही एकदम त्या गंजलेल्या बोल्टकडे भारी लक्ष देऊन बघायला लागली.

नवी वायर बसली. या वेळी टेम्पो केबलशिवाय चालू झाला, आणि तो आवाज ऐकून दादा बाहेर आला.

"हे काय चाललंय?"

"टेम्पो चाललाय, दादा."

"आज चालेल, उद्या पुन्हा बसेल. मी शब्द दिलाय." तो क्रेनवाल्याकडे वळला. "तू साखळी लाव."

क्रेनवाला फडक्याने हात पुसत होता. "चालू गाडी मी ओढत नाही."

"तुझ्या काकांना फोन करतो."

"करा. नंबर आहेच तुमच्याकडे."

दादाने बहिणीकडे पाहिलं. "लोक काय म्हणतात, कळतं का तुला?"

"कळतं. तेच लोक आपण धुतलेल्या चादरींवर झोपतात." तिचा आवाज चढला नाही. "बाबांनी मला गाडी शिकवली ती भंगारात घालायला नाही. मला न विचारता पुन्हा कुणाला बोलावलंस, तर मी पुन्हा अशीच आत बसेन."

आणि तिने गिअर टाकला. लॉजवाले खोळंबले होते.

पुढच्या आठवड्यात ती एका लॉजच्या मागच्या दाराशी गाठोडी उतरवत होती, तर तो समोर उभा.

"क्रेन कुठाय?"

"काकांनी काढून घेतली. आता गॅरेजात लागलोय."

"माझ्यामुळे..."

"माझ्यामुळे," तो म्हणाला. "बोल्ट ढिला नाही ना झाला, बघायला आलो."

बोल्ट ढिला झाला नव्हता. तरी त्यानंतर तो अधूनमधून येतच राहिला. कधी ब्रेकचं तेल बघायला, कधी टायरची हवा. मग एक दिवस ती म्हणाली, "आज काय बिघडलंय?"

"आज... काही नाही," असं म्हणून त्याने मुकाट्याने एक गाठोडं उचललं. त्या दिवसापासून 'मॅडम' आणि 'तुम्ही', दोन्ही गळून पडलं.

पावसाळा सरला. एका दुपारी दोघं मिळून चादरीच्या घड्या घालत होती. दोन टोकं तिच्या हातात, दोन त्याच्या. घडी घालायला पुढे यायचं, मग मागे जायचं. ती पुढे आली आणि मागे गेलीच नाही.

"तू विचारणार कधी?"

तो गडबडला. "आधी जरा पायावर उभा राहतो. तुझा दादा म्हणेल..."

"दादाचं मी बघते. तुझं बोल."

"माझं काय... त्या दिवशी खिडकीशी आलो, तू 'दोन्ही' म्हणालीस, तिथेच निकाल लागला होता."

"मग मीच विचारते. लग्न करशील माझ्याशी?"

त्याच्या हातातली टोकं सुटली. चादर पुन्हा धुवावी लागणार होती. "हो," तो म्हणाला. "करीन."

संध्याकाळी ती त्याला घेऊन पुढच्या दाराने घरी गेली. दार दादाने उघडलं. त्याची नजर दोघांच्या गुंतलेल्या हातांवर गेली आणि तिथेच अडकली.

"हा तो क्रेनवाला ना?"

"हो. आम्ही लग्न करतोय."

"आणि हे मला विचारायला आलीस?"

"नाही. सांगायला."

"मी नाही म्हटलं तर?"

"तर मला वाईट वाटेल, दादा. खूप वाईट वाटेल. पण लग्न होईल."

क्रेनवाल्याला वाटलं, आता हात सोडवावा, निदान तेवढा तरी मान ठेवावा. पण धाकटीची पकड पान्यासारखी बसली होती. आतून वहिनीचा आवाज आला, "अहो, माणसांना दारात किती वेळ उभं करणार?"

दादाने बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग दारातून जरासा बाजूला सरकला.

धाकटीने हात न सोडताच उंबरा ओलांडला.