दवाखान्यामागचं हिरवं गवत

"ए मारोती, थांब! हे बघ!" सिंधु ओरडली.

दुष्काळाचा मे महिना होता. निलंग्याजवळच्या त्या गावात झाडाला पान उरलं नव्हतं. आणि निजामाच्या काळात बांधलेल्या दगडी दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागून मात्र हिरवंगार गवत!

"कुणी पाणी सांडतंय व्हय?" मारोतीनं विचारलं.

"सांडायला हाय कुठं पाणी?" सरपंचांची रुद्राणी फिस्सकन हसली.

सिंधु हसली नाही. याच भिंतीला चीर गेली म्हणून दवाखाना धोकादायक ठरला होता. लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. डॉक्टर, खाटा, कपाटं सगळं तिकडच्या नव्या दवाखान्यात गेलं होतं. सकाळपासून ठेकेदार अमृतरावांची माणसं बाळंतिणींची खोली पाडत होती. सिंधुची आई केवळाबाई तिथं आया होती. ती पायरीवर बसून नुसती बघत होती.

भिंतीमागं उंचावर हौद होता. रोज टँकर त्यात रिकामा व्हायचा, आणि जमिनीतल्या नळीनं पाणी चौकातल्या तोट्यांना जायचं. पण अर्ध्या घागरी भरायच्या आतच तोट्या कोरड्या!

"नळी फुटलीय," सिंधु म्हणाली. "गावाचं पाणी भिंतीखाली मुरून राहिलंय!"

तिघं धावत अमृतरावांकडं गेले.

"ती नळी मीच बसवलीय! मला शिकवता? पळा!" अमृतराव खेकसले.

सिंधु आईजवळ आली. "आई, विहिरीत टाकायची लाल दवा उरलीय का?"

"हाय जराशी. पर आता काय उपयोग, पोरी?" केवळाबाईनं पुडी दिली, पण लेकीकडं बघितलंसुद्धा नाही.

टँकर आला. हौद भरताच मारोतीनं वर चढून पुडी झटकली. पाणी गुलाबी झालं! चौकात रुद्राणी तोट्यांपुढं हात पसरून उभी राहिली.

"घडीभर तोटी सोडू नका, मावशी!"

"आन् आमच्या घागरी?" रांगेतली नागुबाई कडाडली.

"भिंतीखाली जातंय तुमचं पाणी! थांबा, दाखवतो आम्ही!"

सिंधु गवताशी उकिडवी बसली. पलीकडं बाळंतिणींच्या खोलीवर घण पडत होते. तिचा जन्म त्याच खोलीतला! आणि एकदम गवताच्या मुळातून गुलाबी पाणी झिरपलं!

"आलं! आलं!"

तेवढ्यात पाडकामाची पाहणी करायला इंजिनियरसाहेबांची जीप आली. तिघांनी त्यांना जवळजवळ ओढतच मागं नेलं. साहेबांनी तिथं खणायला लावलं. नळीचा सांधा फुटलेला, आणि वर दगडमाती लोटलेली.

"फुटलेली दिसत असताना बुजवलीत?"

"घाई होती साहेब..." अमृतराव मान खाली घालून पुटपुटले.

"काम बंद करा! ओल गेली की ही भिंत सांधता येते. इमारत पाडायचं कारण नाही."

घण थांबले. पण तोवर बाळंतिणींची खोली गेली होती. औषधांच्या खोलीवरचं छप्परही गेलं होतं. उरला व्हरांडा आणि एक मोठी खोली.

"शाबास, पोरांनो! गावाची खूण राखलीत!" सरपंचांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. नागुबाईनं कानशिलावर बोटं मोडून रुद्राणीची अलाबला घेतली.

"साहेब, डॉक्टर परत येतील?" सिंधुनं विचारलं.

साहेबांनी चष्मा पुसला. "ते माझ्या हातात नाही, बाळ."

जीप गेली. माणसं पांगली. सिंधु दगडांच्या ढिगाऱ्यावर बसली. शाबासकी मिळूनही तिला रडू येत होतं.

दिवस कलताना वाडीवरनं एक बाई चालत आली. खांद्यावर पोर तापानं फणफणलेलं.

"दवाखाना चालू हाय नव्हं, बाई?"

केवळाबाई पायरीवरनं उठली. मग तिनं पदर खोचला.

"ये, आत ये. दाक्तर न्हाई, पर सावली हाय. सिंधु, ओली फडकी आण! ताप जरा उतरू दे, मग निलंग्याची गाडी धरू."

पोराचं डोकं मांडीवर घेऊन सिंधु जमिनीवर बसली. दगडी खोलीत गारवा होता. ती कपाळावरची पट्टी बदलत राहिली आणि रस्त्याकडं कान देऊन गाडीची वाट बघत राहिली.